अकोल्याहून आणलेल्या फोमच्या कडा

मामाजी, काल तुमचे दोन्ही स्पीकर पुन्हा वाजले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की घरात तुमचा विषय आता फक्त श्राद्धाच्या दिवशी निघतो, पण कालपासून तुमच्याशीच बोलावंसं वाटतंय. सुनेनं सासऱ्याला पत्र लिहावं अशी आपल्याकडे रीत नाही. तुम्ही होता तेव्हाही मी डोक्यावर पदर घेऊन मोजकंच बोलायचे, आणि तुमचं बोलणं बहुतेक सगळं कोर्टातच संपून जायचं.

ते पहिल्यांदा बिघडले तेव्हा माझ्या लग्नाला वर्ष होत आलं होतं. भावाच्या साखरपुड्यासाठी मी एसटीनं अकोल्याला माहेरी जाऊन आले, आणि परतल्यावर आठवडाभरात माझं चौथ्या महिन्यातलं मूल गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की गर्भातच दोष होता, प्रवासाचा काही संबंध नाही. तुम्ही तेव्हा दाराशी उभे होता. पण घरी तुमच्या बहिणीनं, आत्याबाईंनी, गाडीच्या धक्क्यांचा विषय काढला आणि मग तो रोजच निघत राहिला. सासूबाई ऐकून घ्यायच्या. हे सकाळी नांदगाव पेठेच्या कारखान्यात जायचे ते दिवेलागणीला यायचे, आणि आल्यावर माझ्याकडे बघायचं टाळायचे. मलाही हळूहळू वाटायला लागलं, की आपणच गेलो नसतो तर.

दिवाळीची झाडझूड चालली होती. बैठकीतल्या स्पीकरची जाळी काढून मी आतली धूळ पुसत होते. कागदी कोनाच्या भोवती फोमची काळी कड असते, तिला माझं बोट लागलं आणि ती शिळ्या केकसारखी भुरभुरत खाली आली. बोटाला काळा चिकट चुरा लागला. मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडायला लागले. तुम्ही कोर्टातून आला, अंगावर काळा कोट तसाच. मी म्हटलं, माझ्या हातानं तुटलं. तुम्ही दुसऱ्या स्पीकरची जाळी काढली आणि त्याच्या कडेवर आपलं बोट टेकवलं. तीही गळून पडली.

“हे पाह्य, माह्या हातानंही तुटलं,” तुम्ही म्हणालात. “ते आधीच सडलं होतं, पोरी. हवेनं सडते ते. वाजवा का ठेवून द्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन सांगितलं, की अकोल्यात एक जण अशा कडा बसवून देतो, तिकडे जायचं आहे आणि सूनबाई सोबत येईल. आत्याबाईंनी विचारलं, पुन्हा त्याच गाडीनं का.

“त्याच गाडीनं,” तुम्ही म्हणालात. “डॉक्टरीणबाईनं काय सांगतलं ते म्या माह्या कानानं आयकलं. पोरीचा काही दोष नाही. आता हे बोलणं या घरात पुन्हा नको.”

मी चुलीशी पाठमोरी उभी होते. पोळी तव्यावर करपली, तरी मला ती उलटायचं सुचेना.

गाडीत तुम्ही माझ्या पुढच्या बाकावर बसला आहात. बडनेरा जातं, मूर्तिजापूर येतं. तिथे खिडकीतून पेरू घेता आणि मागे न बघताच एक माझ्याकडे देता. अकोल्यात मला माझ्या आईच्या दारात सोडून तुम्ही तिला म्हणालात, चार दिवस राहू द्या, मी स्वतः न्यायला येतो. आईच्या कुशीत मी पोटभर रडले. तुम्ही न्यायला आलात ते फोमच्या नव्या कडा घेऊन. कारागिराकडे बसून काम बघून आला होता, आता घरीच करू म्हणालात. तुमच्या जाड बोटांना जमेना तेव्हा ब्रश माझ्या हातात दिलात. कोनामागची तारेची कॉइल मधोमध राहावी म्हणून तिच्याभोवती जुन्या एक्सरेच्या पट्ट्या कशा खोचायच्या, चिकटवायचं सोल्यूशन किती सुकू द्यायचं, कोन दोन्ही हातांनी दाबून आत घासल्याचा आवाज येतो का ते कसं ऐकायचं, सगळं तेव्हाच शिकले.

यंदा त्या कडाही गेल्या. हे म्हणाले, भंगारात देऊन टाक, तळहाताएवढा स्पीकर मिळतो आता. मी कडा कुरिअरनं मागवल्या. दुपारी जेवणं आटोपली की ब्रश घेऊन बसायचे. तुमची नात सुट्टीला आली होती. ती म्हणाली, आई, हे तुला कुणी शिकवलं. मी सांगायला लागले तर त्या गेलेल्या मुलाबद्दलही सांगून झालं. तिला ते ठाऊकच नव्हतं. ती जवळ येऊन बसली आणि मी दुसरी कड चिकटवत होते तिथे बोटानं दाबून धरून राहिली. हे दारात उभे होते. म्हणाले, “मी तेव्हा काहीच बोललो नाही.” मी म्हटलं, “बसा, सुकायला वेळ आहे.” ते बसले.

काल संध्याकाळी तुमचीच नाट्यगीतांची तबकडी लावली. आवाज स्वच्छ आला, कुठे घासत नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. तुम्ही रोज संध्याकाळी ती गाणी लावायचात आणि मी भाजी निवडायला मुद्दाम बैठकीत येऊन बसायचे. सूनबाईला गाण्याचा कान आहे, असं तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायचात. मला ती गाणी कधीच आवडली नाहीत, मामाजी. कालही नाही आवडली.