माइक त्याच्याच हातात राहू दिला

संजनाताई,

अंबडच्या आपल्या कंपनीत मी युनियनची निवडणूक जिंकले! तुझ्या चैतालीला आता सगळे लीडर म्हणतात.

प्रचारसभेत माझ्याविरुद्ध उभा राहिलेला शामसुंदर माइकवर तेच बोलला, जे चार वर्षांपूर्वी तुला बोलला होता. "बाईनं चूल सांभाळावी. ती मशीनवर आली की कामाचं वाटोळं होतं." बायका भडकल्या. लतिका तर माइक हिसकावायला धावली. मी तिला अडवलं. म्हटलं, "बोलू दे त्याला. आज त्याला गप्प केलं, तर उद्या आपल्यालाही करतील. आणि मला उत्तर द्यायचंय."

त्याचं बोलून झाल्यावर मी सगळ्यांदेखत विचारलं, "शामभाऊ, तुम्हाला मशीनचं सेटिंग कुणी शिकवलं?"

तो माइक खाली ठेवायला लागला. मागून माणसं ओरडली, "सांगा की!" शेवटी माइकवरच म्हणाला, "संजनानं."

काय टाळ्या पडल्या, ताई! पुरुषांनीही वाजवल्या, आणि मतंही दिली.

हे पत्र इगतपुरीला तुझ्याकडे पाठवायचं धाडस मात्र होत नाही. शामसुंदरचं ते बोलणं ऐकून तू रडत कंपनी सोडलीस, त्या दिवशी मी दुसऱ्या शिफ्टला होते असं तुला सांगितलं. खोटं होतं ते. मी तुझ्या मागेच उभी होते आणि नोकरीच्या भीतीनं गप्प राहिले.

परवाच्या सभेत मात्र माझा आवाज गेटबाहेरच्या चहावाल्यालाही ऐकू गेला.

तुझीच,
चैताली