पुठ्ठ्याचा टीव्ही

दि. २ ऑगस्ट

चि. ठेंगूस,
आजीचा दणदणीत आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र पोचलं. शिबिरात तुमचे फोन काढून घेतात हे फार चांगलं करतात, त्या निमित्ताने कागदाला हात तरी लावलास. अक्षर मात्र तुमच्या त्या लोखंडी वजनाखाली सापडल्यासारखं आहे. माझी शाळा तिसरीत सुटली, तरी माझं बघ, ओळ सोडून जात नाही.

एकोणीस सप्टेंबरला दुपारी साडेचारला तुमची वजन उचलायची स्पर्धा टीव्हीवर दाखवणार म्हणतेस. तर आता घरची बातमी ऐक. घरात टीव्हीच नाही. येत्या रविवारी नवा येणार म्हणून तुझ्या बापाने जुना भंगारवाल्याच्या गाडीवर चढवला. तो रविवार गेला, पुढचे दोनही गेले. भिंतीवर नवं काय आलं, तर पुठ्ठा. त्रेचाळीस इंच, पन्नास इंच, पंचावन्न इंच असे तीन पुठ्ठे कापलेत. एकेक चिकटवतो, आम्हाला समोर बसवतो आणि विचारतो, मान दुखते का. मी म्हटलं, मान नाही, डोकं दुखतं. तुझी आई दिवसभर दवाखान्यात लोकांचं रक्त काढून येते आणि पुठ्ठ्याकडे बघत चहा पिते. परवा बघता बघता हसली. मला तिची काळजी वाटायला लागली आहे.

रंगाच्या दुकानात बावीस वर्षं गिऱ्हाइकांना शेड जुळवून दिल्याने त्याच्या डोळ्यांना रोगच जडलाय. नुसत्या पांढऱ्याच्या अठ्ठावीस जाती सांगतो. टीव्हीच्या दुकानात शेडकार्ड घेऊन जातो आणि पडद्याला चिकटवून बघतो. परवा म्हणाला, यातला पांढरा सायीकडे झुकतोय. विकणारा म्हणाला, साहेब, ते मंत्र्यांचं धोतर आहे, ते तसंच असेल.

शेजारणीकडे टीव्ही आहे, पण जिन्यातल्या कुंड्यांवरून आमचं बोलणं बंद आहे, आणि तुझ्यापायीसुद्धा मी ते सुरू करणार नाही. फोनवर बघायचं तर तू मुंगीएवढी दिसशील. तशीही तू फार मोठी नाहीस.

तू घोर लावून घेऊ नकोस. एकोणीस तारखेच्या आत टीव्ही आला नाही, तर त्याच पुठ्ठ्यात तुझ्या बापाला गुंडाळीन. कळावे. लोभ आहेच, वजन करून मागू नये.

तुझी आजी


दि. ११ ऑगस्ट

चि. ठेंगूस,
अनेक शुभाशीर्वाद. पत्रास कारण की, आजीने माझ्याविषयी तुला काहीबाही कळवलं असणार. म्हणून खरी परिस्थिती मांडतो.

एलसीडी म्हणजे मागे दिवा आणि पुढे पडदा. एलईडी म्हणून जो विकतात तोही मुळात तोच, फक्त मागचे दिवे बारीक. क्यूएलईडीत त्यावर रंग खुलवणारा एक थर जास्त, त्यामुळे लाल जोरात उठतो, जरा जास्तच जोरात. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो, म्हणून काळा खरा काळा. पण एकच चित्र फार वेळ राहिलं तर त्याचा डाग पडतो म्हणतात. प्लाझ्मा चांगला होता, पण तो बनवणं थांबलं. शिवाय दुकानात सगळेच टीव्ही मुद्दाम भडक करून ठेवतात, त्यामुळे घरी कसा दिसेल ते कळत नाही. आपली खिडकी पश्चिमेला, साडेचारला ऊन थेट भिंतीवर. हे सगळं बघूनच घ्यायला हवं. घाई करणाऱ्यांनी भिंती कशा बिघडवून घेतल्यात ते मी रोज बघतो.

बाकी सर्व ठीक. कोपराला पट्टी बांधतेस ना? गरम पाण्याने शेकतेस ना? वजन वाढवायची घाई करू नये. एखादी उचल सोडून दिली तरी चालते असं नियमात आहे, मी वाचलं आहे. कळावे, माया असू द्यावी.

तुझे बाबा


दि. २४ ऑगस्ट

चि. ठेंगूस,
आशीर्वाद. तुझ्या बापाने चार पानं लिहिली म्हणे. पोस्टात जास्तीचं तिकीट लावावं लागलं.

गेल्या आठवड्यात मलाही कामाला लावलं. माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, डावा अजून पिकतोय. उजव्याने सगळं निळसर लख्ख दिसतं, डाव्याने पिवळट. हे कळल्यावर त्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. रविवारी मला दुकानात नेऊन टीव्हीपुढे उभं केलं. एक डोळा झाक, आता दुसरा झाक. माझ्या एका डोळ्यात ओएलईडी आणि दुसऱ्यात एलसीडी बसवलाय असं त्याचं म्हणणं. लोक बघत होते. एका बाईने मला विचारलं, डोळे इथेच तपासतात का?

पुढचं नीट वाच. दुकानातला माणूस आमच्या येरझाऱ्यांना विटला होता. बोलता बोलता मी त्याला तुझं सांगितलं. त्याला वाटलं आता सौदा होईल. त्याने फोनवरून शोधून तुझी मागच्या वर्षीची स्पर्धा पंचावन्न इंची पडद्यावर लावली. नेमकी ती उचल, ज्यात तुझं कोपर निखळलं. एवढ्या मोठ्या पडद्यावर ते मीही पहिल्यांदाच बघितलं. बरं नव्हतं.

तुझ्या बापाचा चेहरा चुन्यासारखा झाला. शेडकार्ड हातात तसंच. मग म्हणाला, यातला लाल बरोबर नाही, आणि तरातरा बाहेर पडला. अगं, त्या चित्रात लाल कुठेच नव्हता. तुमचे कपडे निळे होते.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दीड महिना मी समजत होते की हा रंगापायी वेडा झालाय. वेडाबिडा काही नाही. शेपूट घालून बसलाय. जो टीव्ही घेईल, त्यावर एकोणीस तारखेला तुला बघावं लागेल, म्हणून कुठलाच घेत नाही.

तुला हे कळवावं की नाही, याचा दोन दिवस विचार केला. मग म्हटलं, एवढं ओझं उचलतेस, हेही उचलशील. कळावे. ममता आहे, फार दाखवायची सवय नाही.

आजी


दि. ३१ ऑगस्ट

ती. आजीस,
दुखऱ्या कोपरासकट साष्टांग नमस्कार. वि. वि. तुझं पत्र जेवणाच्या रांगेत उभी राहून वाचलं. टीव्ही तपासायच्या डोळ्यांवर इतकी हसले की प्रशिक्षकबाईंनी पत्र मागितलं. दिलं नाही.

बाबांचं मला नवीन नाही. मागच्या वर्षी ते हॉलमध्ये होते ना? माझी शेवटची उचल आली तेव्हा पाण्याची बाटली आणतो सांगून बाहेर गेले. मी मंचावर उभी राहिले आणि पहिली दिसली ती त्यांची रिकामी खुर्ची. त्यामुळेच हात वाकला असं मी म्हणत नाही. पण दिसलं, एवढं खरं.

आता सरावातही दांड्याला हात घातला की ती खुर्ची दिसते. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, समोरच्या भिंतीकडे बघ. बघते. भिंतीवरही खुर्चीच दिसते.

म्हणून तुझ्याकडे एकच मागणं आहे. टीव्ही कुठल्या जातीचा घ्यायचा ते तुम्ही बघा. मला फक्त एवढं कळलं पाहिजे की बाबा शेवटच्या उचलीला बघताहेत. नंतर कळलं तरी चालेल. पण खोटं सांगू नकोस, तुझं खोटं मला अक्षरावरून कळतं. आईला नमस्कार. तुझा लोभ मोजून पाठवलास तरी चालेल, पण पाठव.

तुझी ठेंगू


दि. ८ सप्टेंबर

चि. ठेंगूस,
पत्र मिळालं. तुझा बाप बघेल. कसा, ते मलाही अजून माहीत नाही. तू खा आणि झोप.

आजी


दि. २० सप्टेंबर

चि. ठेंगूस,
आशीर्वाद. तू म्हणालीस खोटं नको, म्हणून झालं तसं लिहिते.

काल सव्वाचारला मी त्याला म्हटलं, आज टीव्ही ठरव, नाहीतर मी शेजारणीशी बोलायला लागते. त्यावर निमूट चप्पल घातली. तुझी आई दवाखान्यातून परस्पर दुकानात आली. विकणाऱ्याला मी आधीच सांगून ठेवलं होतं, की आज भिंतीवरच्या सगळ्या टीव्हींवर एकच चित्र लाव. छत्तीस टीव्ही आणि छत्तीसांत तू. एकात जांभळी, एकात पिवळी, एकात तापातून उठल्यासारखी. आवाज सगळ्यांचे बंद.

तुझ्या बापाला कळलं आपण कशात सापडलो ते. दाराकडे वळला. दारात तुझी आई उभी होती. ती जागची हलली नाही. मग तो कोपऱ्यातल्या एका टीव्हीपुढे जाऊन उभा राहिला, आणि त्याच्या कडेवर बोट फिरवत बसला, सुतारकाम बघितल्यासारखं.

एक गोष्ट आम्हाला कुणालाच माहीत नव्हती. माझ्या बाजूचे टीव्ही केबलच्या तारेवर चालत होते आणि त्याच्या कोपऱ्यातले इंटरनेटवर. त्यांत चित्र अर्धं मिनिट मागून येतं. म्हणजे माझ्यापुढे तुझी शेवटची उचल झालीसुद्धा. दांडा वर गेला, हात थरथरले, पण वाकले नाहीत. तीन पंचांचे तीन दिवे लागले, तिन्ही पांढरे, म्हणजे उचल मान्य. तू दांडा टाकलास आणि तोंड उघडून ओरडलीस. आणि तुझ्या बापापुढे तू अजून हाताला पांढरी पूड चोळत उभी होतीस.

मला सांगता आलं असतं. नाही सांगितलं. पुढचं अर्धं मिनिट मी तुझ्याकडे पाठ केली आणि त्याच्याकडे बघत राहिले. तू वाकलीस तशी त्याने मान खाली घातली. मी म्हटलं, आता गेला हा बाटली आणायला. पण तो गेला नाही. त्याने दोन्ही हातांनी समोरचं टेबल धरलं, मान वर केली आणि डोळे ताणून बघितलं. पूर्ण बघितलं, दिवे लागेपर्यंत. मधे श्वास घेतला नाही, हे तुझ्या आईने मोजलंय.

तू चौथी आलीस. चौथीला काही देत नाहीत हे मला ठाऊक आहे, समजूत घालायला मला येत नाही. पुढच्या वेळी एक पायरी वर ये.

दिवे लागल्यावर तुझ्या बापाने टेबल सोडलं. मग विकणाऱ्याला म्हणाला, हाच बांधून द्या. विकणारा सांगत होता, साहेब, हा जरा जुना माल आहे, याच्यात काळा तेवढा काळा दिसत नाही, शेजारचा बघा. तर हा म्हणाला, हाच. इंच किती, आत दिवा आहे की ठिपके, काही विचारलं नाही. आज सकाळी भिंतीवर लावला. तुझ्या आईने विचारलं, कुठल्या जातीचा आहे, तर त्याला सांगता आलं नाही. खोक्यावर लिहिलं असेल, म्हणाला.

कळावे. घरी येशील तेव्हा तुझ्या स्पर्धेचं ते चित्र तो तुला दाखवेल. मला आज सकाळपासून अकरा वेळा दाखवलंय. तेव्हा लवकर ये आणि मला सोडव.

तुझी आजी