सहाव्या सीटवरचं पीठ

धुळे,
मंगळवार, दुपार

प्रिय रत्ना,

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मध्येच रडतेस आणि मग मलाच तुझी समजूत काढावी लागते. तेवढा जीव आता माझ्यात नाही, म्हणून पत्र.

तुझ्या भावाच्या सहलीची बातमी जळगावपर्यंत पोचलीच असेल. देवपुरात तरी ती माहीत नसलेला माणूस उरलेला नाही. ज्या प्रेमराजला तापीच्या पुलावरून खाली बघवत नाही, तो निवृत्त होताच दर्यावर्दी झाला. बार्सिलोनाला गाडी भाड्याने घ्यायची, ती बोटीत चढवून सार्डिनियाला उतरवायची, तिथून पुन्हा बोटीने सिसिली, मग चिंचोळी सामुद्रधुनी ओलांडून इटलीच्या टाचेपर्यंत रस्ता आणि शेवटी रात्रभराच्या बोटीने ग्रीस. सोबत त्याचे मित्र झुलालभाऊ आणि किरण, आपापल्या बायकांसह. दर रविवारी आमच्या हॉलमध्ये बैठक भरते. लग्नाची बोलणी यापेक्षा शांततेत होतात. बोट चालू असताना खाली गाडीत कोणाला थांबू देत नाहीत, हे मी सांगितलं तेव्हा झुलालभाऊ दुखावलेच. म्हणाले, "मग मसाल्याच्या डब्याजवळ कोण बसणार, वहिनी?"

हे सांगणारी मीच, कारण हे वाचणारीही मीच. पुरुषमंडळी 'व्हिजन' देतात. बोटींची बुकिंगं, गाडीचा विमा, परदेशात गाडी चालवायचे परवाने, व्हिसाचे कागद हे किरकोळ काम माझ्याकडे. इतकी वर्षं शाळेत भूमध्य सागरी हवामान शिकवलं. कोरडा उन्हाळा, ओला हिवाळा, ऑलिव्ह आणि द्राक्षं, दोन मार्कांचा प्रश्न. नकाशावर तो निळा रंग खडूने इतका भरला, की बंदरं शोधताना मला नव्याने काही शिकावं लागलं नाही. फक्त तो समुद्र पाहायचा राहिला होता, आणि तो राहणारच हे सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलं होतं. गाडी सहा जणांची, माणसं पाच. सहाव्या सीटवर कळण्याच्या भाकरीचं पीठ, कुकर आणि ज्वारीचे बिबडे-पापड ठेवायचे ठरले. प्रेमराजने मला नाही म्हटलं नाही, हं. नाही म्हणायला आधी विचारावं लागतं.

माझा व्हिसाचा अर्ज मी बाकीच्यांच्या गठ्ठ्यात सरकवला होता. कशाला, ते तेव्हा मलाच ठाऊक नव्हतं. व्हिसा आला. पासपोर्ट कपाटात ठेवला आणि आईंची चादर बदलायला गेले.

आईंची तब्येत तू दर शनिवारी विचारतेस. मी 'ठीक' म्हणते. ठीक म्हणजे काय, ते आज लिहिते. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या पलंगावरून उठल्या नाहीत. कूस मी बदलते, अंग मी पुसते, जेवण मी भरवते. लग्नाला जायचं तर मी मांडवात अक्षता टाकून परतते. शाळा मी निवृत्तीच्या दोन वर्षं आधी सोडली; सगळ्यांनी माझ्या त्यागाचं कौतुक केलं आणि शाल दिली. शाल चांगली आहे. आईंच्या पायावर असते.

तुला मी पूर्वी दोनदा विचारलं होतं, महिनाभर आईंना नेशील का म्हणून. तू म्हणालीस, मुलगा असताना आईने लेकीच्या घरी राहायचं नसतं, लोक दादाला नावं ठेवतील. रत्ना, होस्टेलच्या खोलीत एका गादीवर झोपलेल्या आपण. तूच हट्टाने मला तुझी वहिनी केलंस, म्हणून हे लिहायचं धाडस करते. यंदा महिला दिनाला जामनेरला मुलगा-मुलगी समान यावर तू भाषण केलंस, त्याचा व्हिडिओ मी आईंना खिमट भरवता भरवता पाहिला. छान बोललीस. समानता मला पटली. ती बेडपॅनच्या अलीकडे का थांबते, एवढंच कळलं नाही.

गेल्या आठवड्यात दुपारी त्यांच्या केसांना तेल लावत होते. हॉलमधली बैठक त्यांना पलंगावरून शब्दन् शब्द ऐकू येते. एकदम म्हणाल्या, "तू काबर जात नही?" मी म्हटलं, तुमच्याजवळ कोण? तर म्हणाल्या, "मन्ही आंडेर शे ना जयगावले. तिले सांग, माय यी राहिनी." मी तुझंच वाक्य त्यांच्यापुढे ठेवलं, लेकीच्या घरी राहिलात तर लोक काय म्हणतील? तशा तडकल्या, "लोके मन्हा पाय दाबाले येतस का?"

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तेलाचे हात तसेच घेऊन मी त्यांच्या पलंगाच्या कडेला बसून राहिले. किती थकले आहे ते बसल्यावर कळलं. रविवारच्या बैठकीत सांगून टाकलं, पीठ डिकीत ठेवा, त्या सीटवर मी बसणार. झुलालभाऊंची बायको टाळी वाजवून म्हणाली, "बसा वहिनी, नाही मावलं तर पीठ मी मांडीवर घेईन!" प्रेमराज माझ्याकडे न बघता म्हणाला, "आणि आई?" मी म्हटलं, आईंना मुलगीही आहे.

तर रत्ना, ही विनंती नाही. येत्या रविवारी सकाळी मी आईंना मागच्या सीटवर आडवं करून घेऊन निघते. गाडी मीच चालवणार, पारोळ्याला थोडं थांबून दुपारपर्यंत तुझ्या दारात. आम्ही परत येईपर्यंत त्या तुझ्याकडे राहतील. खालची खोली रिकामी करून ठेव, पलंग खिडकीपाशी लाव. औषधांचं मी समोर बसून समजावीन. एकच गोष्ट समोर सांगता येणार नाही, ती इथे लिहिते. रात्री त्या हाका मारतात. हवं काहीच नसतं, कोणी जागं आहे एवढं कळलं की पुन्हा झोपतात. हाक मात्र माझ्या नावाने मारतील. तू वाईट वाटून घेऊ नकोस. मी कुठे आहे तेही सांगू नकोस. नुसतं 'हं' म्हण.

तुझीच,
वृषाली