मंगळवारच्या चिठ्ठ्या

गुरुवार, ८ जानेवारी

आजही काही नाही. दुकान बंद म्हणून दहालाच नगरपालिकेच्या रेकॉर्ड रूममध्ये जाऊन बसले. मृत्यूची तीन रजिस्टरं संपवली. एकाला वाळवीने असं खाल्लंय की निम्मी माणसं मेली की नाही तेच कळत नाही. सहा दिवस लोकांना चष्मे लावून द्यायचे आणि सातव्या दिवशी स्वतःचे डोळे फोडून घ्यायचे — हौस!

वंशावळीचा तक्ता जवळजवळ भरलाय. सहा पिढ्या. खापरपणजोबांचा सावत्र भाऊसुद्धा मुकाट आपल्या चौकटीत बसला. एकच चौकट अडलीये — बाबांचे थोरले भाऊ, माझे काका. बाविसाव्या वर्षी घरातून निघून गेले, त्याला पंचावन्न वर्षं झाली.

शुक्रवार, ९ जानेवारी

जेवताना बाबांनी विचारलं, "सापडला?" नाही म्हटलं. "जिवंत असता तर एखादं पत्र आलं असतं गं. तारीख तेवढी मिळू दे." अर्धं ताट तसंच टाकून बाबा उठले.

रविवार, ११ जानेवारी

बाबा आज आपणहून बोलले. काकांचं आजोबांशी भांडण झालं एवढंच मला माहीत होतं. ते लावलं कोणी, हे आज कळलं.

काकांनी गुपचूप कॉलेज सोडलं होतं. रोज सायकलच्या दुकानात काम शिकायला जायचे. सतरा वर्षांच्या बाबांनी ते आजोबांना सांगितलं. "शहाणा म्हणवून घ्यायला. दुसरं काही कारण नव्हतं." आजोबांनी भर गल्लीत काकांच्या कानाखाली वाजवली. काकांनी स्वतः जोडलेली सायकल काढली आणि गेले. "जाताना माझ्याकडे बघितलं. बोलला काही नाही. शिव्या तरी द्यायच्या होत्या."

मला राग यायला हवा होता. नुसतं वाईट वाटलं. बहात्तर वर्षांचा माणूस, आणि ती एक नजर अजून सोबत घेऊन फिरतोय.

गुरुवार, १५ जानेवारी

हसावं की रडावं! रजिस्टर मागितलं की कारकून चिठ्ठी फाडतो, तिच्यावर आडनाव आणि तारीख लिहितो. रजिस्टर परत दिलं की चिठ्ठी त्यातच खोचतो. गेला महिनाभर मला रजिस्टरांत आमच्या आडनावाच्या चिठ्ठ्या सापडतायत. वाटायचं, माझ्याच जुन्या. बाई, एकच रजिस्टर दोनदा मागवतेस, विसरभोळेपणाची हद्द झाली! दोन रजिस्टरं तर त्यापायी न बघताच परत केली.

आज पहिल्यांदा तारीख वाचली. ६ जानेवारी. मंगळवार. मंगळवारी मी दुकानात असते.

कारकुनाला विचारलं. "मंगळवारी मी वरच्या मजल्यावर असतो हो. खाली दुसरे असतात. कोणी म्हातारे येतात म्हणे, तुमच्यासारखेच चिवट."

मग मंगळवारच्या सगळ्या चिठ्ठ्या, ज्या त्या रजिस्टराच्या सालाप्रमाणे लावल्या. सुरुवात आजोबा गेले त्या सालापासून. मग आजी गेली ते साल. तिथून पुढे एकेक साल, ओळीने. आजीनंतर आमच्या घरातलं कोणीच गेलेलं नाही. मग हे शोधतायत कोणाला?

रविवार, १८ जानेवारी

बाबांना सांगितलं नाही. आमच्या आडनावाची माणसं या गावात ढिगाने आहेत. उगाच आशेला लावायचं नाही. पण मला काही सुचत नाहीये — काल एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचाच चष्मा बांधून दिला.

सोमवार, १९ जानेवारी

मालकांकडे उद्याची रजा मागितली. "कोणी आजारी आहे का?" "नाही, काकांना भेटायचंय," असं बोलून गेले आणि मीच दचकले.

मंगळवार, २० जानेवारी

अकराला ते म्हातारे आले. हातात भिंग. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली — माझी नजर आधी तिथंच गेली. रजिस्टर उघडून पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. बाबांसारखंच बोट, नखापाशी किंचित वाकडं.

मी समोर जाऊन बसले. कोणाला शोधताय, विचारलं.

"धाकट्या भावाला," म्हणाले. "निवृत्त होऊन परत आलो, तर आमच्या घराच्या जागी दुकानं. कोणाला काही माहीत नाही. म्हटलं, इथं तरी बघावं. त्याचं नाव निघालं नाही की त्या दिवशी जेवण गोड लागतं."

मी रजिस्टर मिटलं. म्हटलं, "काका, ते यात नाहीत. घरी आहेत."

बुधवार, २१ जानेवारी

काल बाबांनी दारातच सांगून टाकलं — "वडिलांना मी सांगितलं होतं, दादा."

"तू होय? मला वाटलं, दुकानवाल्याने सांगितलं."

"मग जाताना माझ्याकडे तसं का बघितलंस?"

काका चपला काढत होते. म्हणाले, "सायकलचं कॅरिअर रिकामं होतं. तू बसतोस का, बघत होतो."