एका कादंबरीचे पाच वाटे

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? मेहुण्यांचं घोरणं भिंतीपलीकडच्यांना अजून ऐकू जातं का? आमच्याकडे सगळे ठणठणीत. तुझी कादंबरीही सुखरूप आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. तुझे फोन मी उचलले नाहीत ते दुकानात गर्दी होती म्हणून. (चष्म्याच्या दुकानात एवढी कसली गर्दी, असं तू विचारशील. कृपा करून विचारू नकोस.)

तुला माहीतच आहे, रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून आम्ही पाच जण दुकानात पुस्तकांवर बोलत बसतो. मी, तुझी भावजय, शेजारचा बाइंडर, भूगोलाचे निवृत्त गुरुजी आणि समोरच्या दवाखान्यातली दातांची डॉक्टर. कुणी लेखक गावात पाहुणा आला की त्यालाही चहाला बोलावतो. हार नाही, भाषण नाही, नुसत्या गप्पा. तुझी ती आवडती लेखिका इथे तिच्या भाच्याकडे आल्याचं कळलं, तेव्हा तुझी भावजय लगेच जाऊन तिला आमंत्रण देऊन आली. पण तिची कादंबरी आमच्यापैकी एकानंही वाचलेली नव्हती आणि बाजारात ती मिळत नाही. म्हणून मी तुझ्या दारात आलो आणि तूही, कपाटाची किल्ली दोनदा मागे घेत का होईना, ती माझ्या हाती दिलीस.

आता अडचण बघ. हातात एक आठवडा, प्रत एक आणि वाचणारे पाच. त्यात गुरुजी! पानावर नदी आली की तिचा उगम नकाशात सापडेपर्यंत ते पान उलटत नाहीत. (कादंबरीतली नदी मनाची आहे हे सांगूनही उपयोग झाला नाही. अशी नदी कुठल्या दिशेला वाहते, यावर त्यांची एक रात्र गेली.) तेव्हा बाइंडरनं एक तोड काढली. इथे जरा पाणी पिऊन घे. त्याचं म्हणणं असं की पुस्तक म्हणजे दुसरं काय, दोऱ्यानं शिवलेले फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे. दोरा काढला की वाटे पडतात, परत शिवला की पुस्तक. फाडणं वेगळं आणि उसवणं वेगळं. हे त्यानं इतक्या गोडीनं पटवलं की त्याला उजेड दिसावा म्हणून टेबलावरचा दिवा मीच धरला. पहिला वाटा गुरुजींना, दुसरा तुझ्या भावजयीला, तिसरा बाइंडरला, चौथा डॉक्टरीणबाईंना आणि शेवटचा मला. प्रत्येकानं आपापला वाटा वाचायचा, एकमेकांना गोष्ट सांगायची आणि रविवारी पुस्तक पुन्हा शिवायचं, असा बेत होता. वाचून झालं, पण सांगायचं राहूनच गेलं.

लेखिका आली. साधी बाई, पायात चपला, चष्मा घरी विसरलेली. दुकानात धड खुर्ची एकच, डोळे तपासायची. तीवर तिला बसवलं. आमचे गुरुजी पहिल्याच फटक्याला म्हणाले, "बाई, तुमच्या कादंबरीतला तो दीर इतका नीच का?" डॉक्टरीणबाई उसळल्याच. त्यांच्या वाट्यात तोच दीर आजारी वहिनीच्या उशाशी जागत बसतो, त्यामुळे त्यांच्या मते इतका देवमाणूस साहित्यात दुसरा नाही. बाइंडरच्या वाट्यात दीर मुळी येतच नाही, नुसती त्याची आठवण निघते. तो मेला असं धरून बाइंडरनं चार दिवस दुःख केलं होतं, त्यामुळे तो जिवंत असल्याचं ऐकून त्यानं डॉक्टरीणबाईंना हात जोडले. वादाच्या भरात गुरुजींचा पाय खुर्चीच्या खटक्यावर पडला आणि लेखिका बोलता बोलता हळूहळू खाली जाऊ लागली. तिनं हनुवटी काउंटरच्या पातळीला आल्यावर शांतपणे विचारलं, "गुरुजी, तुम्ही पुढचं वाचलंच नाही का?" गुरुजी खोटं बोलत नाहीत. म्हणाले, "पुढचं यांच्याकडे आहे."

मग पाचही वाटे काउंटरवर ठेवावे लागले. ताई, तेव्हा माझा जीव खरंच टांगणीला लागला. ती उठून गेली असती तर आमची मंडळी तिथेच मोडली असती आणि तुझं पुस्तक उसवल्याचं पाप माझ्या डोक्यावर उरलं असतं. पण ती उठली नाही. मी काढून दिलेला एक चष्मा तिनं डोळ्यांवर चढवला, डॉक्टरीणबाईंचा वाटा उचलला आणि वाचू लागली. स्वतःचं लिहिलेलं नाही, समासातलं तुझं पेन्सिलीचं, जे वाचायच्या घाईत आम्ही कुणी पाहिलंच नव्हतं. "वहिनी महिनाभर अंथरुणात, मग या घरात स्वयंपाक कोण करत होतं?" हे तिनं मोठ्यानं वाचलं आणि खो खो हसत सुटली. इतक्या परीक्षणांत हे कुणी विचारलं नाही, म्हणाली. मग पाचही वाट्यांतलं तुझं लिखाण तिनं आम्हांला वाचून दाखवलं. चहा निवून गेला तरी कुणी हललं नाही. आम्ही इतकी वर्षं तुला नुसती पुस्तकं जपणारी समजत होतो. मला तुझा फार अभिमान वाटला, आणि उसवल्याबद्दल लाजही वाटली. माफ कर.

जाताना तिनं प्रत्येक वाट्यावर सही केली. इतका सुखाचा रविवार आमच्या वाट्याला पूर्वी आला नव्हता. मेहुण्यांना नमस्कार, चिल्ल्यापिल्ल्यांना गोड पापा.

तुझा,
धाकटा

ता. क. पुस्तक सुखरूप आहे असं वर म्हटलं, ते खरंच आहे. फक्त ते एका ठिकाणी नाही. सही झाल्यापासून आपला वाटा परत द्यायला कुणीच तयार नाही. डॉक्टरीणबाईंनी तर दवाखान्यात काचेत लावला. बाइंडर सुई-दोरा घेऊन दारोदार फिरला, पण स्वतःचा वाटा त्यानंही काढला नाही.

आणखी एक ता. क. माझा वाटा मात्र मी परत करणार होतो, पण तो लेखिकाच घेऊन गेली. नवी आवृत्ती निघते आहे, आणि शेवटच्या पानावर तू लिहिलं आहेस ना, "मी वहिनी असते तर घर सोडून गेले नसते, नवऱ्याला घालवलं असतं," ते वाचल्यापासून तिला आपल्याच कादंबरीचा शेवट पटेनासा झाला आहे. ती येत्या रविवारी पुन्हा येते आहे, आमच्यासाठी नाही, तुझ्यासाठी. तू येणार असं मी सांगून बसलो आहे. ये गं.

अगदी शेवटचं. येताना तिचं पहिलं पुस्तक आण. तिच्या स्वतःकडेही त्याची प्रत उरलेली नाही, आणि त्यात तू काय काय लिहून ठेवलं आहेस ते तिला वाचायचं आहे. ते उसवणार नाही असं मी वचन देतो. (बाइंडरनं अजून दिलेलं नाही.)