गायत्रीच्या ऑपरेशनाचा कागद

माकणी, ता. ३ जून २०२४

ती. कल्याणप्पा अण्णांस उमाचे शि. सा. न. आणि शरणु शरणार्थी वि. वि.

फोनवर बोलायला गेलं की गायत्री कान देऊन ऐकती, म्हणून लिहितेय. पोरीच्या पाठीचा बाक आता लई वाढलाय. शाळेचा जिना चढला तरी धाप लागती. सोलापूरचे डॉक्टर म्हणाले, मणक्याला सळया बसवून सरळ करू, न्हायतर फुफ्फुस दबत जाईल. त्यांनी एक छापील कागद दिलाय, पोरीलाबी वाचायला द्या म्हणाले. त्यात लिहिलंय की क्वचित नसेला धक्का बसून पाय लुळा पडतो, जखम चिघळती, परत ऑपरेशन लागतं. वाचून काळजात धस्स झालं बघा.

ह्यांचं म्हणणं, लेकीला सगळं सांगावं. मीच अडवलंय. चांगल्या कामाच्या आधी असलं आपल्यात कुणी तोंडातून काढतं का? गायत्री म्हणती, मामा कागद वाचून जे लिहील ते खरं. कागद सोबत धाडलाय. अण्णा, तेवढं पायाचं गाळून तिला लिहा. तुमच्या पाया पडते.

वहिनींना नमस्कार. माया आहे तशीच राहू द्या.
तुमची उमा

तुळजापूर, ता. ९ जून २०२४

चि. गायत्रीस मामाचे अनेक आशीर्वाद.

तू घरात गप्प गप्प असतेस म्हणे. अगं, आमच्या दुकानात आलीस की गिऱ्हाइकाला बोलू न देणारी तूच ना? कागद चष्मा पुसून दोनदा वाचला. दुखेल, महिना-दोन महिने घरात कंटाळशील, आणि पाठीतून फारसं वाकता येणार न्हाय. म्हणजे झाडू मारायची कायमची सुट्टी, मजा आहे बुवा! बाकी भिण्यासारखं त्यात काही न्हाय. उंची वाढली की मामाशी मान खाली घालून बोलावं लागेल, एवढाच काय तो त्रास.

ऑपरेशनाच्या दिवशी दुकान बंद ठेवून येतो. पोटभर जेवत जा आणि मामाची आठवण ठेव.
तुझा मामा

माकणी, ता. २२ ऑगस्ट २०२४

ती. मामांस गायत्रीचा सा. न. वि. वि.

फोनवर मला रडू येतं, म्हणून लिहिते. पाठ सरळ झाली. दीड इंच वाढले, धाप लागत नाही. डावं पाऊल मात्र अजून उचलत नाही. डॉक्टर म्हणतात, वर्षभर वाट बघू, जान येईल किंवा नाहीही येणार. अव्वा पाय चोळत बसते आणि रडते.

काल पप्पांनी ऑपरेशनाआधी सही केलेला तसलाच छापील कागद मला दिला. वाचून मी तुमचं पत्र फाडलं, मामा. खोटं कशाला सांगू? लई राग आला होता. एवढ्या लोकांत तुमच्यावरच भरवसा ठेवला होता मी.

पायाचं गाळा असं अव्वानंच तुम्हाला लिहिलं होतं, ते आता कळलं; तिला वाटलं, मी भिऊन नाही म्हणेन. मी हो म्हणाले असते. मला नीट श्वास घ्यायचा होता. पण ऑपरेशनाच्या दिवशी दवाखान्याच्या फाटकापासून तुम्ही मला हौसेनं चाकाच्या खुर्चीत बसवलंत, आणि मीही राणीसारखी हसत बसले. माहीत असतं तर तेवढं मी चालत आले असते.

लोभ कमी करू नका, आणि या एकदा.
तुमची गायत्री