धुळाजीचं पत्र मी वाचलं त्याची गोष्ट

सोमवार, ७ जानेवारी १९८५

तुळजा येणार! वीस तारखेला, डोहावर, आपल्या पोहण्याच्या मंडळात भाषणाला. मंडळाचा गेणबा सांगून गेला. "ऑलिंपिकला जाऊन आलेली पोर, भाबी! तुमी पुढच्या खुर्चीत बसायचं. मास्तरांची जागा हाय ती." हो म्हटलं. मग चहात साखर दोनदा घातली.

बुधवार, ९ जानेवारी

माळ्यावरचे सुकलेले भोपळे खाली काढले. पोरांच्या पाठीला बांधायला मीच ते परसात लावायची. हे पोहायला शिकवायचे, सगळ्यांचे मास्तर. आठवड्याला एक भोपळा गुपचूप काढून घ्यायचे. पोराला पत्ता नसायचा — लागायचा तेव्हा ते पोहत असायचं!

तुळजाला भोपळा लागलाच नाही. नऊ वर्षांची असेल. तिचा बाप धुळाजी लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुवायला डोहावर आणायचा. एक मेंढरू धारेला लागलं, तशी ही मागोमाग पाण्यात. हे काठावरून ओरडले, "अरे, कुणाची पोर ही?" दुसऱ्या दिवसापासून ती मंडळात.

हे जाऊन सहा वर्षं होतील. डोहाकडे मी फारशी जात नाही.

शनिवार, १२ जानेवारी

आज लिहूनच टाकते. कुणाला सांगितलं नाही — ह्यांनाही नाही.

शहात्तर साली पुण्याच्या शिबिराचं पत्र आलं. तुळजाची निवड! धुळाजीला वाचता येत नाही, पत्र घेऊन माझ्याकडे आला. हे दुकानाचा माल आणायला गेलेले. मी पुड्यांच्या कागदांवरून अक्षरं शिकलेली. कुणी पत्र वाचायला दिलं की छाती फुगायची.

पत्रात होतं — दोन वर्षं वसतिगृह. शिकवणारे पुरुष. पोहण्याचा आखूड पोशाख.

मी वाचलं — तीन महिने. शिकवायला बाई. पोशाख अंगभर.

"पुन्यांदा वाचा, भाबी." पुन्हा तेच वाचलं. अडखळलेसुद्धा नाही! त्यानं संमतीच्या कागदावर अंगठा दिला.

तीन महिन्यांनी पोर परतली नाही. तो विचारायलाही आला नाही. पुढं पेपरात तिचा पोशाखातला फोटो आला. भावकीनं त्याच्याकडचं येणंजाणं तोडलं, थोरलीचं ठरलेलं लग्न मोडलं. मला मात्र एका शब्दानं बोलला नाही. हे गेले तेव्हा दारात पहिला तोच उभा. अजून दर शुक्रवारी शेळीचं दूध ठेवून जातो. ते मी कसं पिते, माझं मला माहीत.

मंगळवार, १५ जानेवारी

काही नाही. ह्यांचा कोट उन्हात घातला.

रविवार, २० जानेवारी

काय गर्दी! तुळजाचे केस कापलेले, खांदे गड्यासारखे. मला बघताच वाकली. "चाची, किती वाळलात! जेवता का नुसती पुस्तकं खाता?" तशीच तोंडाळ.

भाषणात म्हणाली, "मी पहिल्याच फेरीत बाहेर पडले. उगाच मोठी करू नका. पण तिथं हजारो माणसं ओरडत होती आणि मला मास्तरच ऐकू येत होते — पाय मार, पाय! तोंड नंतर चालव!" सगळे हसले. मी पदर तोंडाला लावला.

मग तिनं धुळाजीला उभं केलं. "माझ्या बापानं सगळं माहीत असून अंगठा दिला. एवढी हिंमत मला पाण्यात कधी झाली नाही."

टाळ्या, टाळ्या! धुळाजी स्वतःच्या पायतणांकडे बघत होता. मला टाळी वाजवता आली नाही.

गुरुवार, २४ जानेवारी

उद्या तो येईल. सांगणार. लोकांनी त्याला नसलेल्या गोष्टीची शाबासकी दिली, आणि सोसलं ते माझ्या खोट्यापायी. मग तो माझी पायरी पुन्हा चढला नाही तरी चालेल. — चालणार नाही. पण सांगणार.

शुक्रवार, २५ जानेवारी

सांगितलं. धुळाजी पायरीवर बसला. पानाची चंची सोडली, तशीच पुन्हा बांधली.

"भाबी, त्ये पत्र मी आदीच पोस्टमनकडनं वाचून घेतलं हुतं. सगळं ठावं हुतं. एकट्याची छाती हुईना. म्हटलं, भाबी बी आई-बाईच हाय. तिनं जसंच्या तसं वाचलं, तर पोर न्हाई धाडायची. तुमी पोरीसाठी खोटं वाचलं, तवा छाती झाली."